देवपूरचे झोपवणारे नाना

नाना इतकं हळू बोलत की समोरच्याला आपोआप पुढे वाकावं लागे. धुळ्यात, देवपुरात त्यांचा दवाखाना होता. ते त्वचारोगाचे डॉक्टर. पण मुलांच्या खाजेवर मलमाबरोबर संमोहनही करत. लोक त्यांना ‘झोपवणारे नाना’ म्हणत. ते नाव त्यांना पसंत नव्हतं. ‘मी झोपवत नाही, खाजेवरचं लक्ष उठवतो,’ असं ते सांगत.

माझी जुई तेव्हा सात वर्षांची. कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत इसब. रक्त येईपर्यंत खाजवायची. वर्गात शेजारी कुणी बसेना, तेव्हा तिने शाळाच टाकली. जळगावातले उपाय करून थकलो आणि एक दिवस तिथल्याच पिंप्राळ्यातल्या घरून निघून धुळ्याची बस धरली.

नानांनी मलम तेच ठेवलं. मग तिला विचारलं, सगळ्यात थंड काय वाटतं? ती म्हणाली, माठाखालची वाळू. तिला डोळे मिटायला लावून नुसत्या बोलण्याने त्यांनी तिचे हात त्या वाळूत नेले. दहा मिनिटं तिची बोटं हलली नाहीत. मला रडू आलं, भीतीही वाटली. घरी सासूबाईंनी मंत्र कोणता ते विचारलं. यांना ती बुवाबाजी वाटली, तर पुढच्या खेपेला नानांनी यांनाच शेजारी बसवून घेतलं.

जुईने एकदा विचारलं, तुम्ही नसाल तेव्हा काय करू?

‘बठ्ठं तुनाच हातमा शे, माय,’ नाना अहिराणीत म्हणाले. सगळं तुझ्याच हातात आहे.

त्याच दिवशी चिठ्ठी लिहिताना त्यांची बाही वर सरकली. कोपरापर्यंत सोरायसिसचे चट्टे. मी गोंधळले. न राहवून विचारलं, स्वतःवर का करत नाही?

‘करतो की. पण मुलं माझ्यावर विश्वास ठेवतात, मला स्वतःवर तो ठेवता येत नाही.’

सहा महिन्यांत जुईची कातडी भरून आली, ती शाळेत जाऊ लागली. गुण मलमाचा की तुमच्या बोलण्याचा, असं मी शेवटच्या भेटीत विचारलं. ते म्हणाले, ‘मलाही ठाऊक नाही. म्हणून तर दोन्ही चालू ठेवलं.’

गेल्या वर्षी नाना वारले. जुई आता कॉलेजात आहे. बातमी सांगितली तर ती म्हणाली, ‘आई, मला त्यांचा चेहराच आठवत नाही. खाज यायची, तेसुद्धा तूच सांगतेस म्हणून माहीत आहे.’

मला तिचा राग आला. मग वाटलं, नानांना याहून वेगळं काय हवं असणार? वाईट वाटून घ्यावं की बरं, ते मला अजून ठरवता येत नाही.