प्रदर्शनात गेलेली जाळी

ऐंशीच्या दशकात मी अंधेरी पूर्वेच्या एका मोठ्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. या नोकरीत माणूस कायम चिडलेला राहतो. अपघात झाला नाही तर तुमची गरज काय असं विचारतात, आणि झाला तर तुम्ही काय करत होतात असं विचारतात.

आमच्या भागाचा सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर पन्नाशीचा, छत्री घेऊन बसने फिरणारा गृहस्थ होता. माणूस सरळ, पण कुठलीही गोष्ट करण्याआधी "वरून विचारतील हो," म्हणणारा. त्याच्याकडे इतके कारखाने होते की एका जागी तो परत येईपर्यंत तिथला मालक बदललेला असायचा. म्हणून त्याने एक योजना काढली. मोठ्या कंपन्यांच्या सेफ्टी ऑफिसरांनी मरोळच्या औद्योगिक वसाहतीतले छोटे गाळे दत्तक घ्यायचे. कायदा त्याचा, डोकं आणि सामान आमचं. कल्पना झकास होती. मी लगेच हो म्हटलं.

मग समिती झाली आणि वाट लागली. पहिली बैठक बिल्ल्याचा रंग हिरवा की पिवळा यात गेली. दुसरी घोषवाक्य स्पर्धेत. तिसऱ्या बैठकीत एका कंपनीच्या ऑफिसरने बॅनरवर आपल्या साहेबांचं नाव आधी हवं म्हणून चहा सोडला. मी दर वेळी म्हणायचो, अहो, कोणीतरी एखाद्या मशीनकडे जाऊया का? सगळे माना डोलवायचे आणि समोशांकडे बघायचे.

माझ्या वाट्याला स्टोव्हच्या झाकण्या करणारा एक गाळा आला होता. तिथे एकच पॉवर प्रेस. पत्रा साच्यावर ठेवायचा, पेडल दाबायचं, वरून लोखंड धाडकन खाली येतं. हात वेळेत बाहेर आला तर झाकणी, नाही तर बोटं. प्रेसवर मालवणकडचा एक माणूस होता. अर्धं आयुष्य गिरणीत मागावर काढलेलं, संपात गिरणी सुटली तेव्हा इथे चिकटलेला. त्याच्याआधी त्या प्रेसवर असलेल्या माणसाच्या उजव्या हाताला अंगठाच तेवढा शिल्लक होता. तो माणूस आता नाक्यावर लॉटरीची तिकिटं विकायचा, आणि आमचा प्रेसवाला रोज त्याच्यासमोरून कामाला यायचा.

मी आमच्या वर्कशॉपमधून साच्यापुढे बसेल अशी लोखंडी जाळी करून घेतली. खालच्या फटीतून पत्रा आत सरकायचा, हात सरकायचा नाही. इन्स्पेक्टरने ती स्वतः हलवून पाहिली. आता झालं, असं आम्हां दोघांनाही वाटलं. आमच्यासारखे बावळट आम्हीच.

कारण पुढे खंडेनवमी आली. त्या दिवशी मरोळमधलं प्रत्येक मशीन आंघोळ करतं. धुणं, पुसणं, रंग, झेंडू, नारळ. गाळ्याच्या शेठला प्रश्न पडला की जाळीआडच्या मशीनला हळदकुंकू लावायचं कसं. देवाच्या तोंडावर कोणी जाळी बांधतं का? जाळी काढली. काढलीच आहे तर तिलाही पिवळा रंग दिला आणि वाळायला ठेवली.

हे मला कधी कळलं? दिवाळीच्या तोंडावर, समितीच्या सुरक्षा प्रदर्शनात. अंधेरीतलं लग्नाचं कार्यालय घेतलं होतं. स्टेजवर आदल्या लग्नाची थर्माकोलची 'शुभविवाह' अक्षरं तशीच होती आणि खाली आमचं सुरक्षेचं बॅनर. मी टेबलांवरून फिरत होतो. एका टेबलावर पांढऱ्या चादरीवर पिवळीजर्द जाळी, तिला झेंडूचा हार, पुढे पुठ्ठ्यावर लिहिलेलं: उत्कृष्ट सुरक्षा साधन. बरी केलीय कोणीतरी, असं मनात आलं. मग कडेची वेल्डिंग दिसली. ही आमची जाळी. ही इथे आहे, तर तिथे प्रेसवर काय आहे?

मी इन्स्पेक्टरला दंडाला धरून बाजूला घेतलं. समितीने नमुने मागवले होते, टेम्पो गाळ्यागाळ्यांतून फिरला होता, आणि शेठने उतरवलेली जाळीच उचलून दिली होती. नवा नमुना कोण बनवत बसणार?

"प्रेस बंद असेल ना?" तो म्हणाला.

"दिवाळीच्या आधी? स्टोव्हचा सीझन आहे, साहेब."

"प्रमुख पाहुणे येऊन जाऊ द्या. तासाभराचा प्रश्न. टेबल रिकामं दिसलं तर वरून विचारतील."

माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, "त्याचा हात गेला तर कोण विचारणार आहे, ते सांगा."

मग त्याने स्वतःच हार काढून टेबलावर ठेवला. मी जाळी उचलली आणि रिक्षात बसलो. धोतरातले एक आजोबा रिक्षापर्यंत मागे आले होते. लग्नाचा आहेर कोणी पळवतोय असं त्यांना वाटलं असावं.

गाळ्याच्या बाहेरूनच प्रेसचा आवाज येत होता. मी आत जाऊन आधी स्विच बंद केला आणि मग ओरडलो. शेठवर, प्रेसवाल्यावर, भिंतीवरच्या गणपतीच्या कॅलेंडरवरसुद्धा. प्रेसवाल्याने दोन्ही हात वर करून मला दाखवले. शाबूत होते. त्याने पाना आणला आणि आम्ही जाळी बसवू लागलो.

"दसऱ्यापासून मी पत्र्याकडे बघूक नाय, सायबानू," तो म्हणाला. "हाताकडेच बघतंय."

"मग बोलायचं ना कोणाला."

"कोणाक? जाळी सरकारान नेली. मागूची कोणाकडे?"

मी नट आवळत राहिलो. राग आता कोणावर काढायचा तेही समजेना, म्हणून तो अजून वाढला.

संध्याकाळी कार्यालयात परतलो तेव्हा खुर्च्या गोळा करणं चाललं होतं. इन्स्पेक्टर छत्री मांडीवर घेऊन त्या रिकाम्या टेबलाशी बसला होता. बक्षिसाचा कप घोषवाक्याला गेला, त्याने सांगितलं. पाहुणे मात्र याच टेबलाशी थांबले होते. नुसता पुठ्ठा आणि हार पाहून त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, इथली वस्तू कुठाय?

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, कामावर गेलीय."