न पुकारता आलेलं ‘हजर’

वाघमारे सरांची माझी पहिली भेट नांदेडला, त्यांच्या कामाच्या खोलीत झाली. मुखेडहून एसटीनं आलेली मी, नोकरीचा पहिला दिवस. सर दोन संगणक शेजारी मांडून दोन्हींवरची नावं मोठ्यानं वाचत होते. मनात म्हटलं, झालं, वेड्याच्या हाताखाली आले!

ते वेड पुढं कळलं. किनवटकडच्या एका मुलींच्या वसतिगृहाची यादी एक्सएमएलमध्ये, म्हणजे नोंदीच्या पोटात नोंद ठेवता येणाऱ्या फाइलीत होती. टिंब देत नोंदीच्या आत उतरायची भाषा जुन्या ब्राउझरला उपजत यायची. नव्या आवृत्तीनं ती टाकून दिली आणि पडदा कोरा पडला. तीच भाषा पुन्हा चालावी म्हणून सरांनी लायब्ररी, म्हणजे ब्राउझरला जोडायचा कोड, लिहायला घेतली आणि त्यातलं थोडं काम मला दिलं. एका संगणकावर जुना ब्राउझर, दुसऱ्यावर नवा, आणि दोन्हींवरची नावं ते ताडून बघत. “जुनं दाखवायचं तेच दिसलं पाहिजे, ताई. कमी न्हाई, जास्ती न्हाई,” असं ते बजावत.

एका दुपारी जास्ती आलं. जुन्या यादीत नसलेलं एक नाव, सुनंदा. चूक माझीच होती: एका टिंबानं एकच पायरी उतरायची, माझं टिंब थेट तळाला गेलं होतं. मी ओशाळून म्हणाले, “काढते, सर.”

“चूक काढा. पण ही पोरगी कोण, ते आधी बघा.”

तिची नोंद चुकून दुसऱ्या मुलीच्या नोंदीच्या पोटात अडकली होती, म्हणून जुन्या पडद्यावर ती कधी दिसलीच नव्हती. दहावीचे फॉर्म याच यादीवरून भरायचे होते आणि मुदत दोन दिवसांवर आली होती. सर फोन करून थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही किनवटला पोचलो.

हजेरी चालू होती. शेवटचं नाव झालं, आणि रांगेच्या टोकाकडून, कोणी न पुकारता, बारीक आवाज आला, “हजर.” एकाही मुलीनं मान वळवली नाही. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

“लई दिवसांपासून असंच करून राहिली ती,” अधीक्षकबाई म्हणाल्या. “ताट हाय, खाट हाय, यादीत नाव न्हाई. आम्ही तरी काय करावं?”

मला असा संताप आला! सर मात्र शांतपणे पुढं झाले आणि त्यांनी हाक मारली, “सुनंदा.” तर ती मागं वळून बघू लागली, कोणाला बोलावलं म्हणून. सरांनी पुन्हा पुकारलं. तेव्हा कुठं ती रडली.

फॉर्म भरला गेला. माझं टिंबही सरांनी तीनदा तपासून दुरुस्त करून घेतलं. तेव्हापासून कुठलीही यादी वाचून झाली की ते क्षणभर गप्प उभे राहतात, खोलीत कोणी नसलं तरी. आम्हीही नकळत कान देतो.

सर, साठी झाली. चहा जरा कमी करा, गुडघे सांभाळा, आम्हाला तुम्ही अजून पुष्कळ वर्षं हवे आहात. तुमच्या साठीच्या सोहळ्यात नावं पुकारायचं काम सुनंदानं मागून घेतलंय. पहिलं नाव तुमचंच आहे. खणखणीत ‘हजर’ म्हणा, आणि शंभरीलाही तिला असंच उत्तर द्या.