पाच वाजताची थाप

मॅनेजरांनी माझ्यासमोर टेबलावर एक हातमोजा टाकला. त्याची दोन बोटं फाटलेली होती.

"काल यात आमच्या अमोलचा हात होता," ते म्हणाले. "हात वेळेत निघाला, मोजा राहिला. आणि हे तुमच्या रेडिओमुळं झालंय."

माझं बीडमध्ये वायरलेसचं छोटं दुकान आहे. वॉकीटॉकी विकतो, भाड्यानं देतो, दुरुस्त करतो. कापसाचं जिनिंग, स्टोन क्रशर, साखर कारखाना अशी माझी गिऱ्हाइकं. मोबाईल आल्यावर हा धंदा संपेल असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. पण पाटोद्याच्या वरच्या माळावर पवनचक्क्यांची रांग आहे, तिथं मोबाईलला रेंज नाही. तिथले चाळीस सेट माझे, आणि मॅनेजरनी मला तिथल्याच कॅम्पवर बोलावून घेतलं होतं.

झालं होतं असं. अमोल हा सिरसाळ्याचा पोरगा, टेक्निशियन. चक्कीच्या टोकावर मशिनरीचा डबा असतो, त्यात तो काम करत होता. खालच्या माणसाला वाटलं, काम संपलं. त्यानं सप्लाय चालू करायला घेतला. अमोलनं सेटवर ओरडून सांगितलं, थांब, माझा हात आत आहे. पण ते खाली पोचलंच नाही, कारण चॅनल बिझी होता. मोटर गुरगुरली आणि त्यानं हात ओढला, एवढंच.

वॉकीटॉकीचं बटण दाबलं की आपण बोलतो, सोडलं की ऐकतो. एकानं बटण दाबून धरलं तर बाकीचे सगळे गप्प. फोनसारखं दोघांना एकाच वेळी बोलता येत नाही.

"गेले दोन महिने रोज पाच वाजता हे होतंय," मॅनेजर म्हणाले. "अर्धा अर्धा तास. नुसता आवाज येतो. कोण करतंय ते मला शोधून द्या. त्याला मी आजच घरी पाठवतो."

पाचला दहा कमी होते. मी विचारलं, "आता वर कोणी चढलेलं नाही ना?"

"नाही. सगळे खाली आहेत."

मी कंट्रोल रूममध्ये सेट घेऊन बसलो. पाच वाजून दोन मिनिटांनी आवाज सुरू झाला. थप, थप, थप. मध्येच थांबायचा, पुन्हा थप, थप. मला वाटलं, इंजिनाचा किंवा वायरचा डिस्टर्बन्स असेल. पण मशीनचा डिस्टर्बन्स एकसारखा असतो. हा दमत होता.

कॅम्पमध्येच आमचा रिपीटर आहे. रिपीटर म्हणजे लांबच्या सेटचं बोलणं ऐकून तेच जोरात पुन्हा सगळीकडं पोचवणारं यंत्र. मी तो दोन मिनिटं बंद केला आणि माझा सेट थेट ऐकण्यावर लावला. आता लांबच्या चक्कीवरचा सेट मला ऐकू येणार नव्हता. जवळचा असेल तरच येईल. मी शांततेची वाट पाहत होतो.

थप, थप, थप. पहिल्यापेक्षा स्वच्छ.

म्हणजे आवाज कॅम्पातलाच होता. मी बाहेर आलो. ऑफिस, स्टोअर, जीप. मग पत्र्याच्या स्वयंपाकघराकडं वळलो आणि दारातच थांबलो. जो आवाज माझ्या हातातल्या सेटमधून येत होता, तोच समोरून येत होता.

चंद्रकलाबाई भाकरी थापत होत्या. साठ माणसांच्या भाकरी. किती ताटं लागतील ते कळवायला स्वयंपाकघरात आम्ही एक सेट दिला होता. तो पिठाच्या डब्याला टेकवून उभा होता आणि त्याच्या बटणावर घट्ट रबर गुंडाळलेला होता.

मी रबर काढला. त्यांनी वळून पाहिलं आणि थापायच्या थांबल्या.

"कशाला केलं बाई हे?"

त्यांनी माझ्या हातातल्या रबराकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "आमचं माणूस एकतीस नंबरला हाय. गार्ड."

एकतीस नंबर म्हणजे रांगेतली शेवटची चक्की. कॅम्पपासून बारा किलोमीटर, रस्ता दगडाचा. तिथं पत्र्याच्या केबिनमध्ये त्यांचा नवरा वैजनाथ एकटा राहायचा. आठवड्याला एक सुट्टी. पण बदलीचा गार्ड बहुतेकदा यायचाच नाही, मग तीही नाही. आणि स्वयंपाकघराला तर सुट्टीच नसते.

"बारा वर्सं आमी उसात गेलतो," त्या म्हणाल्या. "नवरा-बायको मिळून एक कोयता. तेनं तोडायचं, म्या मोळी बांधायची. एक दिस लांब न्हाई ऱ्हायलो. लई हाल व्हते. मग हितं काम लागलं, दोघांला बी. गावानं पेढे मागितले. आन् आता दोन-दोन महिने तोंड दिसत न्हाई."

"मग सेटवर बोलायचं की."

"बोललं तर सारा माळ ऐकतोय. लाज वाटती साहेब. भाकरीचा आवाज गेला तर कुणाला काय कळतंय? तेला कळतंय. तेबी त्याच टायमाला चूल पेटवतो. हात पिठात असत्यात, म्हणून रबर लावला."

मी मनात ठरवून टाकलं. मॅनेजरना सांगायचं, बटणात धूळ गेली होती, सेट बदलला. कोणाची नोकरी जायला नको. मी बाईंना तसं म्हणालोही. फक्त पुन्हा करू नका, काल एका पोराचा हात जाता जाता वाचला.

"कुण्या पोराचा?"

"अमोलचा."

त्यांनी परातीतून हात काढले. पीठ तसंच. "चार भाकरी खातो ते. रोज मला मावशी म्हणतो," एवढंच बोलल्या आणि चालायला लागल्या. मी मागं मागं. अमोल जीपला टेकून उभा होता. त्याच्यापुढं जाऊन त्या म्हणाल्या, "लेकरा, कालचं माझ्यामुळं झालं. म्या बटण बांधून ठेवलं व्हतं." आणि तिथून तशाच मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरल्या.

मॅनेजरनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं पाहिलं. "सेट असा अर्धा अर्धा तास चालू राहू शकतो?"

आता मला गप्प राहणं जमेना. सेटमध्ये टाइमआउट टायमर नावाची सोय असते. मिनिटभरानंतर बटण दाबलेलं असलं तरी सेट आपोआप गप्प होतो. प्रोजेक्ट उभा होताना क्रेनवाल्यांना सलग बोलायचं होतं म्हणून मी ती बंद ठेवली होती. काम संपल्यावर चालू करायची राहिली.

"त्यांचा रबर आहे," मी म्हणालो, "पण टायमर माझ्याकडून राहिला."

अमोल दारात उभा होता. तो म्हणाला, "साहेब, मावशीला काढू नका. हात माझा हाय, मी म्हणतोय."

बाईंना काढलं नाही. स्वयंपाकघरातला सेट मात्र काढून घेतला. मला कंपनीकडून कडक पत्र आलं, ते मी अजून फाईलला लावून ठेवलंय. चाळीसच्या चाळीस सेट दोन दिवसांत पुन्हा प्रोग्रॅम करून दिले.

शेवटचा सेट एकतीस नंबरचा. वैजनाथनं केबिनसमोर दगडावर बसायला पोतं टाकलं. माणूस उंच, कमी बोलणारा. त्याला सगळं कळलेलं होतं. मी सेटला केबल लावली, तेव्हा त्यानं विचारलं, "पाचला आता काय लागतं चॅनलवर?"

"काहीच नाही. मोकळा असतो."

"हां," तो म्हणाला. "तेच ऐकतो मी."

वारा एवढा होता की तो हसला का, ते मला कळलं नाही. मी सेट परत दिला. त्यानं तो कानाला लावून बघितला, मग शर्टाच्या खिशात ठेवला. उतरताना मी दोनदा मागं पाहिलं. तो पोत्यावरच बसलेला होता.

चारेक महिन्यांनी एक सेट जमा करून घ्यायला मला बोलावलं. वैजनाथनं गार्डची नोकरी सोडली होती. कॅम्पात भांडी घासणारा माणूस गावाकडं गेला होता, ती जागा त्यानं मागून घेतली. मॅनेजरना ते पटलं नव्हतं. "युनिफॉर्म होता, शिट्टी होती. आता बायकोच्या हाताखाली पातेली घासतोय. लोक हसतात त्याला."

स्वयंपाकघरामागं वैजनाथ राखेनं पातेलं घासत होता. आतून बाईंनी काहीतरी विचारलं. त्यानं "न्हाई" म्हटलं. त्यांनी पुन्हा काही विचारलं. तो पुन्हा "न्हाई" म्हणाला. मला बघून त्यानं ओला हात कपाळाला लावला आणि परत कामाला लागला. कोणी हसताना मला तरी दिसलं नाही.

आता कुठल्याही साइटचे सेट देताना मी आधी टायमर चालू करतो. आणि साहेबांना नाही, कामगारांना विचारतो, तुमच्यापैकी कुणाचं घरचं माणूस याच साइटवर दुसरीकडं आहे का. असलं तर लायसन्समध्ये बसेल असा त्यांच्यापुरता एक जास्तीचा चॅनल टाकून देतो. हे मला तेव्हाच सुचायला पाहिजे होतं.

कंपनीवाले विचारतात, हा कशाला?

मी सांगतो, स्पेअर.