सरीच्या मागचं चर्च

सिग्वार्ट नुपेनने आयुष्यभर एकच खाडी रंगवली. उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना लाल होडीघर आणि केशरी आकाश हवं असायचं. हा त्यांच्यापुढे करडं पाणी आणि ओले कातळ ठेवायचा. विकलं जाणार कसं? थंडीत रंग घट्ट व्हायचे, तेव्हा नळ्या काखेत धरून कातळावर बसायचा. आणि जे पाहिलं नाही ते काढायचं नाही, हा हट्ट. मी एकदा म्हटलं, "अरे, त्या रिकाम्या पाण्यात एखादी बोट टाक."

"बोट आली नाही, मागनहिल्ड."

संपला विषय.

गावात नवं सभागृह बांधलं तेव्हा समितीत भांडून मी त्याला समोरच्या भिंतीवर टांगायच्या चित्राचं काम मिळवून दिलं. अध्यक्ष इव्हर्सन म्हणाले, "काढू दे, पण गाव दिसलं पाहिजे आणि चर्च हवंच." साठीला आलेल्या माणसाला मिळालेली ही पहिली भिंत. त्याने दुकानातून नवा शर्ट आणला, यावरून काय ते समजा.

गाव समुद्रातून चांगलं दिसतं. सिग्वार्टकडे होडी नव्हती, म्हणून तो मेव्हण्याच्या, ओलुफच्या होडीतून जाऊ लागला. ओलुफ गळ टाकायचा, हा रंगवायचा. चित्र पुरं झालं त्या रविवारी ओलुफ, त्याची बायको म्हणजे सिग्वार्टची धाकटी बहीण गुडनी, आणि मी ते पाहायला सिग्वार्टच्या घरी गेलो. मी म्हटलं, झकास. गुडनी म्हणाली, आपलं घरसुद्धा दिसतंय. ओलुफने कॉफीचा कप खाली ठेवला आणि एक डोळा मिटला.

आमच्याकडे चांगल्या माशाची जागा कुणी कुणाला सांगत नाही. डोंगरावर नजर ठेवून ती शोधायची: एकीकडे अमुक सुळक्यावर तमुक घर आलं पाहिजे, दुसरीकडे बेटामागून दीपगृह डोकावलं पाहिजे. दोन्ही जुळलं की गळ सोडायचा. बाप मुलाला सांगतो, तेही होडीत बसल्यावर. आणि या चित्रात चर्चचा कळस म्हातारी नावाच्या डोंगराच्या बरोबर डाव्या खांद्यावर होता आणि बेटामागून दीपगृह डोकावत होतं.

"हे कुठून काढलंस?" ओलुफने विचारलं.

"तुझ्याच होडीतून. माझी कुठाय?"

"माझ्या बापाची हॅलिबट माशाची जागा भिंतीवर टांगतोयस तू!"

गुडनी हसली. "चित्र आहे हो. कोण एवढं बघतंय?"

"सगळे बघतील! हातात वॉफल धरून, एक डोळा मिटून बघतील. सोमवारी माझ्या डोक्यावर दहा होड्या! सिग्वार्ट, चर्च बोटभर सरकव."

"चर्च सरकत नाही."

"रंगाचं आहे रे ते, दगडाचं नाही!"

माझाही धीर सुटला. "सरकव की बाबा! देव काही रागावणार नाही."

मग गुडनी हलकेच म्हणाली, "दादा, आमचा हिवाळा त्याच जागेवर निघतो."

ती आता हसत नव्हती. तो चित्राकडे वळला. मग म्हणाला, "सरकवणार नाही. पण बर्फाची सर आली की चर्च दिसत नाही. ती सर मला तिथून नीट पाहावी लागेल. ओलुफ, घेऊन चल."

झालं! ज्या हवेत शहाणी माणसं घरी येतात, त्या हवेत हे दोघे बाहेर निघायला लागले. धक्क्यावरून लोक ओरडायचे, "ओलुफ, मेव्हण्याला बुडवायचंय तर जवळच बुडव, लांब कशाला नेतोस?" ओलुफ खालमानेने वल्ही मारायचा. शेवटी हवी तशी सर सापडली आणि सिग्वार्टने स्वतःच्या हाताने कळस, डोंगराचा खांदा, सगळं पांढऱ्या धुरात बुडवलं. त्याने रंगवलेलं ते सगळ्यात चांगलं आकाश, हे मी आजही म्हणेन.

उद्घाटनाला इव्हर्सन चित्रासमोर आले. "चर्च कुठाय?"

"सरीच्या मागे."

"मग सर जाऊ द्यायची होतीस!"

"मी होतो तोवर गेली नाही."

मी तावातावाने उठले, पण सांगणार काय? मागे काहीतरी लपवलंय एवढं म्हटलं असतं तरी अर्धं गाव दुसऱ्या दिवशी होड्या घेऊन निघालं असतं. समोरच्या भिंतीवर घड्याळ लागलं आणि चित्र गेलं बोळात, कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी. नवा शर्ट घालून तो तिथे उभा होता आणि लोक त्याच्या आकाशावर ओले कोट टांगत होते.

ओलुफ आला. आयुष्यात चित्राकडे न पाहिलेला माणूस, टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"वायव्येची सर आहे," तो म्हणाला. "आत्ता उघडेल."

"नाही उघडणार," सिग्वार्ट म्हणाला.

आता होड्यांवर मासे दाखवणारी यंत्रं आली, कुणाची जागा लपून राहत नाही, म्हणून हे लिहिते आहे. पण ते दोघे होते तोवर सभागृहात नाच असो की दफनानंतरची कॉफी, ओलुफ बोळात सगळ्यांच्या आधी हजर असायचा. चित्रावर येणारे कोट एकेक करून उचलायचा आणि बाकावर ठेवायचा. कुणी कुरकुर केली तर म्हणायचा, "हवा बघतोय मी. बाजूला हो."