सात करा

माझी नात संगणकावर आकडेवारीचं काम करते. परवा म्हणाली, "आजोबा, मी मॅक्रो लिहिला. नुसतं नाव टाकायचं, मागच्या शंभर ओळी आपोआप चालतात." मी विचारलं, "त्या ओळी पुन्हा वाचतं कोण?" ती हसली. मला हसू आलं नाही, कारण तिच्या वयाचा असताना हाच उद्योग मी चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, करून बसलो होतो, तोही पुठ्ठ्यावर.

पन्नासच्या दशकात मी हिवतापाच्या कचेरीत आकडेमोडीचा कारकून होतो. पाहणीवाले जंगलातल्या गावांत जाऊन मुलांची पोटं चाचपत. तापाने पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली की ती डाव्या बरगडीखाली हाताला लागते. अशी मुलं ज्या गावात जास्त, तिथे पावसाआधी फवारणी. प्रत्येक गावाच्या तक्त्यावर त्याच सात पायऱ्या करायच्या असत, म्हणून मी त्या सुबक अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगल्या. साहेब इतके खूश झाले की तक्त्यावर नुसतं "सात करा" लिहू लागले. मी हरभऱ्याच्या झाडावर! पुढे हात असा बसला की मान वर करून पुठ्ठ्याकडे बघणंही सुटलं.

एका वैशाखात सावली गावचे पाहणीवाले भाऊ तरातरा आत आले. वयाने माझ्या दुप्पट. सूरजागडच्या पायथ्याचं एक गाव फवारणीच्या यादीत नव्हतं.

"बाबू, ह्या गावाले दवाई काऊन नाई? घरोघरी पोट्टे तापानं फणफणून राह्यले!"

"आकडा निरोगी आला, भाऊ. सात केलेत."

"सात म्हंजे का का केलं?"

मी सांगू लागलो आणि तिसऱ्या पायरीला अडलो. माझीच पायरी, मलाच आठवेना! राग यायच्या आधी कुतूहल वाटलं. पुठ्ठा खाली काढला आणि दोघं एकेक ओळ ताडून पाहू लागलो.

तिसरी पायरी होती: मुलाचं वय लिहिलेलं नसेल तर त्याची ओळ गाळावी. त्या गावात जन्मतारीख कुणाला ठाऊक? पन्नासेक ओळींतल्या चार उरल्या होत्या. मास्तरांची दोन मुलं, फॉरेस्ट गार्डची दोन; सगळी नुकतीच चांद्याहून आलेली, ठणठणीत. त्यांच्यावरून गाव निरोगी ठरलं. बाकीच्यांपुढे भाऊंनी शेऱ्यात लिहिलं होतं, "कान पोचला", "कान नाही पोचला". डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की मूल सहाच्या पुढचं, हा शाळेत नाव घालतानाचा हिशेब मलाही माहीत होता. पण शेरा वाचायला माझ्या सात पायऱ्यांत जागाच नव्हती.

साहेबांनी गाव त्याच दिवशी यादीत घेतलं. भाऊ निवले, चहा प्यायले. माझी शोधाची खाज मात्र जाईना. मी मागच्या दोन वर्षांची बाडं काढली. एटापल्लीकडची, भाऊंनीच पाहिलेली गावं, एकामागून एक. शेऱ्यात कान, आणि वर माझ्या सुबक अक्षरात "सात केले". मला इतकी लाज वाटली की भाऊंकडे बघवेना.

"ही मुलं आता कशी आहेत, भाऊ?"

त्यांनी एका तक्त्यावरून बोट सावकाश खाली नेलं.

"हा हाये. हे नाई. हा हाये. हे दोघं नाई."