पानाच्या तळाचा आकडा

आमचा शेतकऱ्यांचा फोरम मी एकटी चालवते. दिवसा शेलूबाजारच्या घरात बसून एका कंपनीचं काम आणि उरलेल्या वेळात हा दुसरा संसार. जिल्ह्यातले शेतकरी तिथे पिकाचा फोटो टाकतात, रोग विचारतात, आणि ज्यांनी तो रोग स्वतःच्या वावरात भोगलाय ते उत्तर देतात. व्हॉट्सॲपवर असा प्रश्न सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जातो. आमच्याकडे सहा वर्षांपूर्वीचं उत्तरही शोधलं की सापडतं. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

मागच्या पावसाळ्यात मंगरूळपीरच्या एका सभासदाने सगळ्यांसमोर लिहिलं, "ताई, तुमचं पान उघडेपर्यंत चहा होऊन राह्यला." खाली कितीतरी जणांनी हसणारे चेहरे टाकले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पान आमच्याकडे पाव सेकंदात तयार होत होतं. पुढचा सगळा उशीर त्याच्या गावच्या टॉवरचा. पण नुसतं सांगून कोण ऐकणार? फोरमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते: पान किती वेळात तयार झालं आणि सर्व्हरवर त्या घडीला किती भार आहे, हे पानाच्या तळाशी दाखवता येतं. एरवी ही ओळ चालवणाऱ्याने स्वतःपुरती ठेवायची असते. मी ती सगळ्यांसाठी उघडली. घ्या म्हटलं, बघा डोळ्यांनी.

वर शहाणपणाही केला. नुसता आकडा कोणाला कळणार, म्हणून भार एकच्या आत असला तर हिरवा आणि वर गेला की लाल, असे रंग दिले. शेजारी लिहिलं, 'लाल म्हणजे सर्व्हरवर ताण'. खरं तर लाल झाल्यावरही पान यायला फार तर अर्धा सेकंद जास्त लागायचा. ते मात्र लिहिलं नाही. मला वाद जिंकायचा होता, आणि तो मी जिंकलाही. त्या सभासदाने दुसऱ्याच दिवशी कबूल केलं की खोट टॉवरमध्ये आहे.

पहिले काही दिवस संध्याकाळचे सात वाजले की आकडा लाल व्हायचा, कारण सगळे वावरातून घरी येऊन एकाच वेळी फोन हातात घेतात. मी थोडी डागडुजी केली. जी पानं सारखी मागितली जातात ती आधीच तयार ठेवायला लावली. दोन आठवड्यांत संध्याकाळसुद्धा हिरवीगार. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि नवऱ्याला बोलावून आकडा दाखवला. तो म्हणाला, "पण प्रश्न कमी दिसून राह्यले." मी म्हटलं, "पिकं चांगली असतील."

मग एका बुधवारी भर दुपारी केनवडहून फोन आला. आमचे जुने सभासद, साठीच्या पुढचे एक काका. त्यांना मी फोरमवरच ओळखत होते.

"ताई, मले एक फोटो टाकाचा होता. चालन काय?"

"टाका ना काका. विचारता कायले?"

"नाही, आमचा वार शुक्रवार आहे. आज मानोऱ्यावाल्याईचा. मधात टाकला तं कोनी नाराज नाही ना होनार? फोटो लहानच आहे."

"वार? कोनं लावून देला?"

"आमीच. तुमच्या सर्वरवर ताण येऊन राह्यला ना. मंग व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ठरवलं, रोज एकाच तालुक्यानं प्रश्न टाकाचे. डीपीचं नाही का करत आपन?"

डीपी म्हणजे वावरातला ट्रान्सफॉर्मर. सगळ्यांनी एकदम मोटारी चालू केल्या की तो जळतो, आणि नवा बसेपर्यंत ओलीत बंद. म्हणून शेजारी-शेजारी वार वाटून घेतात, आज तुमची मोटर, उद्या आमची. माझ्या लाल आकड्याला या माणसांनी तोच मान दिला होता. माझ्या डागडुजीचा फारसा संबंधच नव्हता. फोरम हिरवा होता, कारण लोक दाराबाहेर थांबले होते.

"फोटो कशाचा आहे काका?"

"हळदीचा. शनिवारी पाह्यलं तं पानं पिवळी. दुकानदारानं तीन औषधं सांगतली, पन मले तुमच्याइथं विचाराचं होतं. आता बुंधा हाताले मऊ लागून राह्यला, वास येऊन राह्यला."

ही हळदीची कंदकूज. कंद जमिनीतच सडतो, आणि साचलेल्या पाण्यातून रोग एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जातो. त्यात एक दिवसही फार असतो. काकांची अर्धा एकर हळद होती, वर्षाचं तेवढंच भरवशाचं पीक. आणि हा माणूस चार दिवस तो फोटो फोनमध्ये धरून आपल्या वाराची वाट पाहत बसला होता.

मी फोटो मागवून घेतला, स्वतः सगळ्यांत वर लावला आणि लिहिलं, 'वार बंद. सगळ्यांनी आत्ता या.' तासाभरात हळदवाल्या तिघांची उत्तरं आली: आधी चर काढून पाणी बाहेर सोडा, सडलेली झाडं कंदासकट उपटून वावराबाहेर न्या, मग उरलेल्यांच्या बुडाशी औषध ओता. कोणतं आणि किती पाण्यात, तेही लिहिलं. काका त्याच दुपारी कुदळ घेऊन गेले. संध्याकाळी आकडा लाल झाला, पार तीनच्या वर गेला, आणि एकही पान अडलं नाही. मग मी ती ओळ सगळ्यांसाठी बंद केली. आता ती फक्त मला दिसते, आणि तिच्याशेजारी त्या दिवशी किती नवे प्रश्न आले तेही दिसतं. दोन्ही पाहिल्याशिवाय मी खूश होत नाही.

दहा-बारा दिवसांनी काकांचा पुन्हा फोन आला. सात ओळी गेल्या होत्या, बाकीची हळद उभी होती. फोटो शनिवारीच आला असता तर दोन-तीन ओळींवर भागलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. कसं बोलावं ते मी जुळवत होते, तेवढ्यात तेच म्हणाले,

"ताई, त्या दिवशी आमी मधातच घुसलो. सर्वरले काही झालं तं नाही ना?"

मला फार लाज वाटली.

"नाही काका," मी म्हटलं. "फोटो शनिवारी टाकला असता तरी सर्वरले काही झालं नसतं."

"असं काय," काका म्हणाले.