रांगेत पहिली मार्थामावशी

निरोप आला तेव्हा मी दुकानात एका शेतकऱ्याचा पीकविम्याचा फॉर्म भरत होतो. चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाळकसाहेबांच्या दोनच ओळी होत्या : आपल्या मार्थाबाई आज पहाटे प्रभूच्या घरी गेल्या, दफनविधी चार वाजता. तो ग्रुप मीच सुरू केलेला. त्यावर काय टाकायचं आणि काय नाही हे जिने मला शिकवलं, तिचीच बातमी त्यावर आली होती… माझा हात थांबलेला पाहून समोरच्या माणसाने विचारलं, "सर्वर गेलं काय भाऊ?"

बुलढाण्यातली आमची ख्रिस्ती मंडळी लहान. मार्थामावशी आरोग्य उपकेंद्रातून निवृत्त झालेली नर्स आणि चर्चच्या महिला मंडळाची प्रमुख. नाताळ आठवड्यावर आला की ती बायकांना घेऊन करंज्या तळायला बसायची आणि मंडळीतल्या प्रत्येक घराला एक कापडी पिशवी द्यायची. पिशव्या सगळ्या एकाच कापडाच्या, सारख्या मापाच्या, तोंडं शिवलेली. पाळकसाहेबांना तीच, वकीलसाहेबांना तीच, आणि अमडापूरला दुसऱ्याच्या शेतावर सालदारकी करणाऱ्या माझ्या वडिलांनाही तीच. "वकीलसायबाले काय कमी हाय मावशी?" असं एकदा कोणीतरी विचारलं, तर म्हणाली, "त्याले करंज्या करता येतात काय?"

आमच्या घरात पहिला पदवीधर मी. ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान टाकलं, आणि मंडळीसाठी काहीतरी करावं म्हणून चर्चचं फेसबुक पेज सुरू केलं. नाताळाच्या गाण्यांची तालीम, छपरावर चढवलेला तारा, मुलांनी मातीची केलेली गव्हाण, सगळं मी त्यावर टाकायचो. कामासाठी पुण्याला, सुरतला गेलेली आमची माणसं खाली आमच्या रीतीप्रमाणे 'सलाम' लिहायची. मावशी ते सगळे सलाम मला मोठ्याने वाचायला लावायची. मी चित्रण करत असलो की ती माझ्या पाठीमागे उभी. "थांब, तिचा पदर नीट होऊ दे, मंग काढ." जेवणाच्या पंगतीकडे फोन वळवला की मनगट धरायची. "जेवतांनी नको काढू कोनाले. घास तोंडात असते मानसाच्या." मला ते जुन्या माणसाचं खूळ वाटायचं.

मग ते बोंडअळीचं वर्ष आलं. बीटीच्या कपाशीला अळी लागत नाही, हे ऐकत आम्ही मोठे झालो होतो. त्या वर्षी बोंड फोडलं की आत गुलाबी अळी सापडायची. पुण्याच्या एका मंडळीने ब्लँकेटं आणि किराणा पाठवला. सोबत दोन अटी होत्या. फक्त गरजू कुटुंबांना द्या, आणि वाटपाचा व्हिडिओ पाठवा. मावशी तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला मुलीकडे होती, त्यामुळे त्या साली नाताळाआधी करंज्याही झाल्या नव्हत्या. आम्ही पाच कुटुंबं निवडली, वेदीसमोर रांगेत उभी केली. मी चित्रण केलं, मागे गाणं लावलं, वर 'गरजूंना मदतीचा हात' असं लिहिलं आणि पेजवर टाकलं. इतके लाइक आमच्या पेजला कधीच आले नव्हते. मी खूश होतो… त्या रांगेत देऊळघाटचे शांतवनभाऊ होते, आणि त्यांच्या बाजूला बुलढाण्याला बी.एस्सी. करणारी त्यांची मुलगी करुणा.

चोवीस तारखेला सकाळी चर्चच्या फाटकाला शांतवनभाऊंना दिलेलं ब्लँकेट आणि किराण्याची पिशवी अडकवलेली दिसली. घडीसुद्धा मोडली नव्हती. नाताळाच्या उपासनेत त्यांचा बाक रिकामा होता. मावशी आदल्या दिवशीच परत आली होती, डोळ्याला काळा चष्मा. उपासना सुटल्यावर तिने माझ्या हातातून फोन घेतला, डोळ्याजवळ धरून व्हिडिओ पूर्ण पाहिला. "गानं चांगलं लावलं बे तू," म्हणाली. "आता चाल माह्यासंगं."

देऊळघाटला पोचलो तर शांतवनभाऊ सणाच्या दिवशी शेतात कपाशीची पऱ्हाटी उपटत होते. करुणाने त्यांना बोलावून आणलं, चहा ठेवला. चहा हातात आल्यावर मी कसंबसं म्हणालो, "भाऊ, तो व्हिडिओ मी काढून टाकला."

उत्तर करुणाने दिलं. "तुमच्या पेजवरून काढला दादा. आमच्या वर्गाच्या ग्रुपवरून कोन काढनार? पोरी मले इचारतात, ब्लँकेट गरम हाय काय म्हणून."

शांतवनभाऊ माझ्याकडे पाहतच नव्हते. "मावशी, पिशवी तं आमी दरसाल घेतली. यंदाच काऊन अशी देली?"

मावशीने चहा संपवला, करुणाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आम्ही निघालो.

परतताना ऑटोत ती म्हणाली, "पाचवीत तुले पिशवीत निळं स्वेटर भेटलं होतं, आठोते?"

"आठवतं की. सगळ्या पोरांना मिळालं होतं."

"चौघांले. बाकीच्याईच्या पिशवीत टॉवेल होते. पिशव्याईचे तोंड मी काऊन शिवत होती, तुले काय वाटलं? करंज्या उडून जातीन म्हणून?"

ते स्वेटर मी सातवीपर्यंत घातलं. बाही आखूड झाल्यावर आईने मनगटाला दुसऱ्या रंगाची लोकर जोडली होती. ते घालून शाळेत जाताना मला कधी मान खाली घालावी लागली नव्हती…

मावशीने दोन दिवसांत बायका गोळा केल्या. दुखऱ्या डोळ्याला धूर लागू नये म्हणून ती चुलीकडे पाठ करून करंज्या भरत होती. रविवारी उपासनेनंतर वेदीसमोर टेबल मांडलं, त्यावर शिवलेल्या पिशव्या, प्रत्येक घराची एक. रांगेत पहिली ती स्वतः उभी राहिली. "आता काढ," मला म्हणाली. पिशव्या वाटणाऱ्या पाळकसाहेबांच्या पत्नीकडून दोन्ही हात पुढे करून तिने पिशवी घेतली आणि फोनकडे पाहून म्हणाली, "ही माही पिशवी. दरसाल भेटते." तिच्यामागे पाळकसाहेब आले. वकीलसाहेब मात्र बाकावरून उठेनात. "मावशी, माझा व्हिडिओ कशाला?"

"काऊन? घ्याची लाज वाटते काय तुमाले?"

साऱ्या चर्चमध्ये हसू फुटलं. वकीलसाहेबही हसत उठले आणि रांगेत आले. शेवटी मी फोन पाळकसाहेबांच्या हातात देऊन माझी पिशवी घेतली. पेजवर टाकताना या व्हिडिओला मी गाणं लावलं नाही, वर काही लिहिलंही नाही. टेबलावर एक पिशवी तशीच राहिली होती. ती मावशीने कपाटात ठेवून दिली.

करुणाने हा नवा व्हिडिओ तिच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला, हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्याच्यासोबत तिने एक शब्दही लिहिला नव्हता. नव्या वर्षाचे दोन रविवार त्यांचा बाक रिकामाच होता. तिसऱ्या रविवारी उपासना अर्ध्यावर आली असताना शांतवनभाऊ घरच्यांना घेऊन शेवटच्या बाकावर येऊन बसले. सगळे पांगल्यावर ते मावशीसमोर जाऊन उभे राहिले. "माही पिशवी कुठी हाय?"

"उशीर केला बाप्पा. करंज्या मऊ पडल्या," म्हणत तिने कपाट उघडलं.

दफनाच्या दिवशी तिचा फोटो हवा होता. मी पेजवरचे सगळे नाताळ धुंडाळले. ती कुठेच नव्हती, दर वेळी माझ्या पाठीमागे उभी असायची ना! सापडली ती फक्त पिशवी घेतानाच्या त्या एका व्हिडिओत. मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर तिचा चेहरा तेवढा कापून घेत होतो. करुणा आता चिखलीला शाळेत शिकवते. बातमी कळल्यावर ती थेट माझ्याकडे आली होती आणि खुर्चीमागे उभी राहून पाहत होती.

"हात नको कापू दादा," ती म्हणाली.

तसाच फोटो मोठा करून आणला. चर्चच्या बाजूच्या खोलीत तो लावला आहे. या नाताळाला बायकांनी तिथेच बसून पिशव्या भरल्या आणि शिवल्या. चौकटीत मावशी दोन्ही हात पुढे करून उभी आहे. देणारं कोण, ते फोटोत येत नाही.